परत हाक मारण्याचं पेटंट

तार्मा, बाजारामागची गल्ली
(तारीख नेलिदा घालेल. मला एवढंच ठाऊक की शेंगा भरल्या आहेत आणि पहाटे हात गारठतात.)

माझ्या नातीला, या नेलिदाला, बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्यात न पाडता हातावर सांभाळणारे, मनानं थोर आणि पेन्शननं लहान असे आमचे कोम्पाद्रे बाल्दोमेरो यांना ग्रेगोरियाचा आदरपूर्वक नमस्कार. तुमचा गुडघा, तुमची खुर्ची आणि खुर्चीसमोरचा टीव्ही तिन्ही ठीक असतील अशी आशा करते. गुडघा ठीक नसेल तर लिमाच्या त्या ओल्या हवेला दोष द्या, वयाला देऊ नका. वय तुमच्याइतकंच माझंही आहे आणि माझा गुडघा अजून बटाट्याचं पोतं उचलतो. इकडे देवाच्या कृपेनं सगळं क्षेम आहे. क्षेम नाही ते पुढं येईलच. सांगते आहे मी, लिहिते आहे नेलिदा. तेव्हा अक्षर सुंदर दिसलं तर ते तिचं, आणि अक्कल दिसली तर ती माझी. (ती म्हणते, हे वाक्य गाळू या. गाळायचं नाही. लिही.)

तुम्हाला माहीतच आहे की पोरीनं वान्कायोला इंजिनिअरिंग केलं आणि परत येऊन आमचा अख्खा बाजार उचलून मोबाइलमध्ये नेऊन बसवला. माझे बटाटे, शेजारच्या दोन्या सेनोबियाचं चीज (ताजं आहे असं ती म्हणते), कुणाची फुलं, कुणाचा मध, सगळ्यांचे फोटो. डोंगरावरून खाली लिमाला गेलेली, पण जीभ इथंच ठेवून गेलेली माणसं घरबसल्या बोट फिरवतात, टोपलीत माल टाकतात आणि आम्ही तो बसनं धाडतो. इथवर छान. पण गंमत अशी की ही माणसं टोपली काठोकाठ भरतात आणि निघून जातात! टोपली तिथंच. नेलिदानं मला पहिल्यांदा ते दाखवलं तेव्हा मला वाटलं, बाईचं दूध उतू गेलं असेल, येईल परत. नेलिदा म्हणाली, "नाही आजी, जगभर असंच करतात."

"आणि तू काय करतेस?"

"मी काय करणार?"

"अगं, हाक मार की मेले! बघत काय बसतेस?"

कोम्पाद्रे, तुम्ही पडलात पुरुष. सांगेल तो भाव देऊन पिशवी उचलणारे. म्हणून जरा समजावून सांगते. गिऱ्हाईक भाव ऐकतं, नाक मुरडतं आणि वळतं. वळणाऱ्यांतली निम्मी नाटकं करत असतात. तिला लगेच हाक मारली तर तिला कळतं की आपण अडलेल्या आहोत, आणि ती भाव आणखी पाडते. उशीर केला तर ती सेनोबियाच्या पुढ्यात जाऊन उभी राहते, आणि मग तिला देव परत आणू शकत नाही. या दोहोंच्या मधे एक क्षण असतो. खांदा वळलेला असतो, पण हातातली टोपली अजून आपल्याकडे तोंड करून असते. तेव्हा म्हणायचं, "ये ग कासेरिता, तुझंच राहू दे!" ती पण कासेरिता, म्हणजे आपली नेहमीची, म्हणते, आपण पण कासेरिता म्हणतो, दोघींना वाटतं आपण जिंकलो. एवढंच आहे सगळं. ते शिकायला जन्म जातो.

तर पोरीनं ते मोबाइलला शिकवलं. बोट कुठं रेंगाळतं, हातातला मोबाइल कसा कलतो, यावरून बाई खरी निघाली की नाटकी, हे म्हणे त्या मोबाइललाच उमगतं, आणि तो बरोबर वेळेला हाक मारतो. तेही लांबच्या कुठल्या मोठ्या यंत्राला न विचारता, म्हणजे डोंगरात नेटवर्क मेलेलं असलं तरी. टोपल्या परत यायला लागल्या. सेनोबियाचं चीजसुद्धा खपलं, यावरून काय ते समजा.

मग लिमाहून एका मोठ्या ऑनलाइन दुकानाचा माणूस आला. त्याचे बूट इतके चकचकीत की माझे बटाटे लाजले. म्हणाला, याचं पेटंट असेल तर आम्ही वापरू आणि भाडं देऊ. त्यात तुमचा बाजार मजेत चालेल. "आणि नसेल तर?" मी विचारलं. तो नुसता गोड हसला. नसेल तर फुकट वापरू, आणि सेन्योरिता नेलिदाला लिमाच्या ऑफिसात खुर्ची देऊ, असा त्या हसण्याचा अर्थ नेलिदानं मला नंतर सांगितला. म्हणजे पेटंट आलं तर पोरगी इथं आणि मोबाइलातला बाजारही इथं. नाही आलं तर दोन्ही गेली. म्हणून तिनं अर्ज केला.

अर्ज म्हणजे काय हे तुम्हाला, जन्म कोर्टाच्या दारात काढलेल्या माणसाला, मी काय सांगणार. पण असला अर्ज तुम्हीही पाहिला नसेल. त्यात आपण काय काय शोधलं त्याचे 'दावे' असतात, आणि एकेक दावा एकाच वाक्यात बसवायचा असा नियम आहे; पूर्णविराम येईतो वाचणारा म्हातारा होतो. माझी हाक त्यात "निर्गमनशील वापरकर्त्यास प्रेषित पुनरामंत्रण-संकेत" झाली होती. मी म्हटलं, बाई, असं बोलावलंस तर मीसुद्धा परत येणार नाही. (नेलिदा म्हणते, कायद्यात असंच बोलतात. बोलू देत. माल खपत नसेल त्यांचा.)

आता जे सांगते ते कोम्पाद्रेंनी बसून वाचावं. अर्ज आला की पेटंटचं ऑफिस तो जगासमोर मांडतं आणि विचारतं, कुणाची हरकत आहे का? लग्नाआधी पाद्री विचारतो तसं. आणि आमच्या बाजारात हरकत घेणाऱ्यांचा दुष्काळ कधी पडला नाही. सेनोबिया आमच्या संघाची अध्यक्ष. तिच्या पुतण्यानं कुठंतरी वाचलं की कुठल्याशा डबड्यानं गिऱ्हाइकाला परत बोलावण्याचं सरकारी पेटंट कुणी कंपनी घेते आहे. झालं! बाजारभर वणवा पेटला की आता हाक मारायला परवाना लागणार, ओरडलं की दंड, आणि 'कासेरिता' म्हटलं की त्याचं भाडं. सभा भरली. अर्जावर नेलिदाचं नाव नव्हतं, तिच्या कंपनीचं होतं (कंपनी म्हणजे नेलिदा, एक टेबल आणि माझी जुनी खुर्ची), आणि कंपनीला काहीतरी इंग्रजी नाव. मला काय कळणार? घरात ते 'पुनरामंत्रण' होतं, सभेत ते 'हाक मारायची बंदी' होतं. माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले आणि असं भाषण ठोकलं की मागच्या कोंबडीवाल्यासुद्धा गप्प झाल्या. काय बोलले ते टाळ्यांत मलाच नीट ऐकू आलं नाही, पण पुतण्यानं शब्दन् शब्द उतरवून घेतला. हरकतीच्या त्या कागदावर पहिला अंगठा कुणाचा? माझा. चांगला शाईत बुडवून, दाबून.

पुढं एके दिवशी नेलिदा टेबलाशी कागद वाचत बसली होती.

"आजी, ग्रेगोरिया पोमा म्हणजे तूच ना?"

"आजवर तरी मीच."

"मग तू माझ्या अर्जावर हरकत घेतली आहेस."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, कोम्पाद्रे. तिनं उठून मला मुन्याच्या पाल्याचा काढा करून दिला. त्यात साखरही बरोबर होती. (आता ती लिहायची थांबली आहे. लिही, बाळ. कोम्पाद्रेंना सगळं कळलं पाहिजे.)

त्यानंतर अर्ज परीक्षकाकडे गेला. परीक्षकाचं नाव सेन्योर मोन्साल्वे. पहिल्या उत्तरात ते म्हणाले, हा शोध नाही, हा धंदा आहे. धंदा करायच्या रीतीला पेटंट नसतं. नेलिदानं उत्तर दिलं की धंद्याचा भाग सोडा, पण मोबाइल कलतो, नेटवर्कवाचून चालतो, हे तर यंत्राचं काम आहे ना? आणि दर उत्तरागणिक ती एकेक दावा कापत गेली. अख्खा भाजलेला गिनीपिग वाढायला निघाली होती. पाहुण्यापुढं ताट जाईस्तोवर त्यात एक तंगडी उरली. पण तंगडी मोन्साल्वेंना यंत्राची म्हणून मान्य झाली, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

मग मोबाइलवरून समोरासमोर बैठक झाली. मी कोपऱ्यात शेंगा सोलत होते. माणूस दिसला तो अगदी वाळलेला, बिचारा. दिवसभर तसली वाक्यं वाचतो, दुसरं काय होणार. मला राहवेना.

"साहेब, जेवलात का?"

"सेन्योरा, ही अधिकृत बैठक आहे."

"म्हणजे नाही जेवलात."

चांगला माणूस हो! मला त्यानं अडचण नीट समजावून सांगितली. त्या ऑफिसात म्हणे एक कल्पनेतला माणूस पाळलेला असतो. त्या धंद्यातलं जे जे आजवर कुणी केलं ते सगळं त्याला ठाऊक, पण स्वतःहून नवीन असं त्याला कधी काही सुचत नाही. आणि शोध असा हवा की तो त्या माणसालाही सहज सुचला नसता. मी म्हटलं, "साहेब, असा माणूस मी जन्मभर सांभाळला, तीन वर्षांपूर्वीच पुरला." मोन्साल्वे मनापासून हसले, मग त्यांना आपण ऑफिसात आहोत हे आठवलं. कागद चाळून म्हणाले, "हरकत घेणाऱ्या ग्रेगोरिया पोमा आपणच का?" तेव्हा माझ्या शेंगा संपल्या आणि मी उठले.

आता त्यांचा एकच आक्षेप उरला आहे: या धंद्यातल्या कुणालाही हे सुचलं असतं. उत्तर याच महिन्यात पोचलं पाहिजे, नाहीतर अर्ज आपोआप मेला. आणि पोरीला उत्तर सापडत नाही. टेबलाशी बसते, लिहिते, खोडते. मधूनच तो बूटवाला फोन करतो की खुर्ची अजून रिकामी आहे. ती मला काही बोलत नाही, मी तिला काही विचारत नाही. माझं म्हणाल तर जाईना का लिमाला! तरणी पोर आहे, तिकडे समुद्र आहे. घर जरा शांत होईल, मला दुपारी झोप लागेल. (हसते आहे, पण लिहिते आहे.)

तर असं आहे. तुमचा गुडघा जपा. रविवारी चर्च चुकवू नका. पत्राचं उत्तर नाही आलं तरी चालेल. तुमचा आळस मला नवा नाही.

तुमची कोमाद्रे,
ग्रेगोरिया
(शेजारी अंगठा आहे. या वेळी कागद कशाचा आहे हे दोनदा विचारून उठवला.)

ता. क. तुम्ही मागं पाठवलेलं ते पाठीचं मलम संपलं. आणखी एक डबी येणाऱ्या कुणाबरोबर द्या. एवढ्यासाठीच हे पत्र होतं.

ता. क. दुसरा. अक्षर बदललेलं दिसेल. नेलिदा बसवर पोती चढवायला गेली आहे, आणि लिहायला मला सेनोबियाच्या दाराशी जावं लागलं. काय दिवस आले बघा. (सेन्योर बाल्दोमेरो, माझं अक्षर नेलिदापेक्षा बरं आहे आणि चीज रोज ताजं असतं. – सेनोबिया) मलम अजून अर्धं आहे. खरं काम हे: पेटंट आलं तरी बाजारात ओरडायला बंदी नाही, हे मी एकेकीच्या दाराशी जाऊन सांगितलं. (मला शेवटी सांगितलं. अध्यक्ष मी आहे. – से.) सगळ्यांनी पुन्हा अंगठे दिले. हरकत मागे घेतल्याचा कागद या पाकिटात आहे. तुम्हाला ऑफिसांच्या पायऱ्या ठाऊक आहेत. तो स्वतः नेऊन द्या आणि नेलिदाला एक अक्षर कळू देऊ नका. तिला वाटू दे, तिच्या उत्तरानंच हरकत पडली. आणि घर शांत होईल वगैरे मी म्हटलं ते मनावर घेऊ नका. तिला जाऊ द्यायचं नाही मला. पण हे तिला सांगून अडकवायचंही नाही. (हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. – से.)

ता. क. तिसरा. पाद्रिनो, ही मी, तुमची धर्मकन्या नेलिदा. पाकीट बसच्या ऑफिसात द्यायला आजीनं माझ्याच हाती दिलं, आणि ते मी लिहिलं होतं त्यापेक्षा फार जाड लागलं. उघडलं. रागावू नका.

कृपा करून तो कागद कुठंही देऊ नका. खरं तर तुम्हाला तो मिळणारच नाही, मी काढून घेतला आहे. काल हे पत्र लिहून घेताना सभेपाशी आलो, तेव्हा मी प्रथमच ती हरकत शांतपणे काढून वाचली. आजवर त्यातला फक्त तिचा अंगठाच मला दिसत होता. परीक्षक म्हणतात, या धंद्यातल्या कुणालाही हे सुचलं असतं. आणि इथं या धंद्यातल्या झाडून साऱ्या बायकांनी अंगठे उठवून उलटंच लिहून दिलंय. आजीचे शब्द आहेत: "जिचं तोंड दिसत नाही तिला वेळेवर हाक मारणं देवमातेलासुद्धा जमायचं नाही, मग त्या मेल्या डबड्याला काय जमणार!" पाद्रिनो, मला याहून चांगला पुरावा मिळाला नसता. सकाळीच उत्तर लिहून झालं. सोबत त्यांचीच हरकत जोडली आहे. मोन्साल्वेसाहेब काय म्हणतील ते देव जाणे.

आजीला इतक्यात कळवू नका, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. पेटंट मिळालं तर तिला वाटू दे, आपण हरकत मागे घेतली म्हणून मिळालं. मी म्हणेन, हरकत घेतलीस म्हणून मिळालं, आणि त्यावर आम्ही भांडू.

आणखी एक. त्या खुर्चीवाल्याला मी पेटंटाची वाट न बघता कालच नाही म्हणून कळवलं. हे सेनोबियाला माहीत आहे, सगळ्या बाजाराला माहीत आहे, फक्त आजीला नाही. तिनं अजून मला एकदाही सरळ विचारलेलं नाही, राहशील का म्हणून. विचारलं की सांगणार आहे.