ढालीचं ओझं

मंगळवेढा,
सोमवार, ६ जानेवारी २०२५

चि. भरत यास,
गोजाआत्याचा अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुजं पत्र शनवारी पोचलं. हितं समदं खुशाल हाय. ज्वारी हुरड्याला आलीया. डोळा आता असा साफ हाय, की सुईत दोरा मीच ओवती.

परवा शेजारची केराबाई मला पत्र लिहिताना बघून म्हणली, हातात मोबाईल असताना पोस्टात कशाला पळतीस? मी म्हणलं, फोनवर तब्येत, पत्रात तलवार. कसली तलवार म्हणली. घ्या! मग तिला बसवून समदं सांगितलं. डोळ्याच्या आप्रेशनला सोलापुरात भाच्याकडं ऱ्हायले हुते, तवा दर रविवारी भरत, त्याची बायको सोनम आन् टॉवेलच्या दुकानाचा मृत्युंजय टेबलाभवती बसून गोष्ट खेळायचे. ज्यानं त्यानं कागदावर आपला एक गडी करायचा. भरतनं संकटं घालायची. आपला गडी काय करतो ते आपण सांगायचं, आन् जमलं का न्हाय ते वीस तोंडांचा फासा सांगणार. पट्टी बांधून पडल्या पडल्या मीबी एक केली. बाई. नाव बजा. ताकद बेताची, पन चपळ अशी, की भरल्या यष्टीत पुढच्या दारापासनं मागच्या दारापतोर तिकिटं फाडत जाईल. म्हंजी कंडक्टर हुते तवाची मीच की ती! गावी परत आल्यापासनं तिची चाल मी पत्रानं धाडती. केराबाई म्हणली, साठी उलटल्यावर हे? मी म्हणलं, व्हय.

आता डाव. बैलाएवढी घोरपड गुहेच्या तोंडाशी आलीया. आत मृत्युंजयचा गडी जायबंदी पडलाय, सोनमची वैदीण त्याला मागच्या फटीकडं वढतीया. तर बजा तोंडात हुबी ऱ्हाती. डाव्या हातात मोठी ढाल, उजव्यात तलवार. मृत्युंजयला म्हणावं, भिऊ नगं. मागच्या साली मी तिकडं आले हुते तवा त्याचा गडी माझ्यामुळं मेला, असं तो अजून म्हणतो. आता टेबलावरनं खाली पडलेला फासा बाद, पुन्यांदा टाकायचा, हा नेम तुमचाच. मी निस्तं बोट दावलं. भुईवर एकोणीस पडले हुते, वर टाकल्यावर आले चार, त्याला मी काय करू? म्हैनाभर बोलला न्हाय बापडा.

सोनमला आशीर्वाद. म्हातारीवर जीव हाय तसा ऱ्हाऊ दे.
तुजी,
गोजाआत्या


सोलापूर,
सोमवार, १३ जानेवारी २०२५

ती. गोजाआत्यास,
भरतचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे रविवारी सोनमनं टेबलावर मोठ्यानं वाचलं. 'भिऊ नगं' ऐकून मृत्युंजय चहात बिस्किट बुडवायचं विसरला. संध्याकाळी सगळे गड्ड्याच्या जत्रेत गेलो. सोनमनं तुझ्यासाठी बांगड्या घेतल्यात.

आता एक अवघड गोष्ट. घोरपडीचा चावा किती जोराचा ते बघायला मी नियमांचं पुस्तक उघडलं, आणि ढालींच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात दोन ओळी दिसल्या. जो गडी ताकदीनं नाही तर चपळाईनं वार करतो, त्याच्या प्रत्येक वारातून हातातल्या ढालीचं ओझं वजा करायचं. मोठ्या ढालीचं ओझं दोन. म्हणजे बजाला वार लागायला जिथं बारा पुरायचे, तिथं चौदा हवे होते. दोन वर्षं आम्हा तिघांपैकी एकाच्याही नजरेला हे पडलं नाही. शिवाय ढाल टाकायची तरी एक पाळी जाते.

मृत्युंजय म्हणाला, एवढी लढाई होऊ दे, मग सांग. सोनम म्हणाली, आत्यांना कळणार कसं? जत्रेतून घरी येताना गाडीवर माझ्याही मनात तेच घोळत होतं. आपल्या टेबलावर मेलेला गडी परत येत नाही. बजा गेली तर तुझी पत्रं यायची थांबतील, ही खरी भीती. स्पष्टच लिहितो, घोरपडीपेक्षा मला तिचीच जास्त धास्ती आहे. पण तुझ्या डोळ्यांवरची पट्टी एकदा निघालीय, ती मी परत कशाला बांधू?

झालेलं मोजायचं नाही. इथून पुढं मात्र नियम लागू. तू चाल बदल. बजा चपळ आहे, मागच्या फटीतून आधी तीच निसटू शकते. तसं केलंस तर कुणी नाव ठेवणार नाही.

रागावलीस तरी चालेल, अबोला धरू नकोस.
तुझा,
भरत


मंगळवेढा,
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

चि. भरत यास आशीर्वाद. वि. वि.

कुटल्या गाढवानं लिवलंय तुजं पुस्तक? ढाल डाव्या हातात, वार उजव्या हातानं. डाव्याच्या ओझ्याचं उजव्याला काय? मी दिसभर फणफणत हुते. भाकरी करपली.

मग म्हणलं, बगू तर खरं. मोठी परात डाव्या हाताला टावेलनं बांधली, उजव्या हातात लाटणं. केराबाईला म्हणलं, तू घोरपड हो. ती केरसुणी घिऊन आली, लई उत्साहानं आली. आन् काय सांगू! परात डावीकडं, पन समदं आंगच डावीकडं जातंय. कंबर वळंना, पाय उशिरा पडतोय, लाटणं हवेत आन् केरसुणी माझ्या पाठीत. परात सोडली तवा कुटं तिच्या कोपराला लाटणं लागलं. म्हणजे पुस्तक खरं बोलतंय बाबा. ज्यानं लिवलं तो कवातरी ढाल घिऊन पळालेला असणार. गाढव म्हणलेलं मागं घेती.

आन् तू सांगितलंस, हे लई ब्येस केलंस. माझा गडी मरंल म्हायती असून सांगितलंस. वाचून छाती भरून आली.

पळायचं मात्र सांगू नगं. गाडी रिकामी झाल्याबिगर कंडक्टर उतरत न्हाय.

एक इचारती. तुजे आजोबा ज्ञानबा माळावर मेंढरं घिऊन असायचे. लांडगा आला की घोंगडं डाव्या हाताला गुंडाळून फुडं करायचे. लांडगा घोंगड्याला चावला की उजव्या हातातली काठी मोकळी. मी न्हानपनी डोळ्यानं बघितलंय. तर बजा ढाल टाकती आन् घोंगडं गुंडाळती. पुस्तकात घोंगडं हाय का बग. नसंल तर तुमी तिघं ठरवा. ठरंल ते मला मान्य.

केराबाईचं कोपर सुजलंय. तरीबी माया कमी झाली न्हाय तिची, तुमचीबी हुऊ देऊ नगा.
तुजी,
गोजाआत्या


सोलापूर,
सोमवार, २० जानेवारी २०२५

ती. गोजाआत्यास शि. सा. नमस्कार. वि. वि.

परातीची लढाई सोनमनं उभं राहून करून दाखवली. आम्ही हसून हसून बेजार झालो. केराबाईंना म्हणावं, सुजेला हळद लावा.

पुस्तकात घोंगडं नाही. मग दोन तास भांडण. मृत्युंजयचाच गडी वाचायचाय, म्हणून तो तुझ्या बाजूनं बोलेल असं वाटलं होतं, तर तोच आडवा आला. म्हणाला, कापड माझ्या धंद्यातलं आहे, एका चाव्याच्या वर कुठलंही कापड टिकत नाही, बैलाएवढ्या घोरपडीच्या दातांपुढं तर नाहीच. शेवटी ठरलं ते असं. घोंगड्याचं ओझं शून्य, पण ते एकच चावा अडवणार.

बजानं ढाल फेकली, घोंगडं गुंडाळलं. त्यात तिची पाळी गेली. मी सगळ्यांसमोर घोरपडीचा फासा टाकला. चावा बसला, घोंगड्यानं घेतला, घोंगडं फाटलं. तेवढ्यात वैदीण आणि मृत्युंजयचा गडी फटीतून बाहेर पडले. ते वाचले, आत्या.

आता बजा एकटी. घोरपडही थकलीय. बारा किंवा वर पडले तर ती मेली. पत्राला उशीर नको म्हणून तिचा पुढचा चावाही मी टेबलावर टाकून ठेवलाय, आणि तो बसणारा आहे. म्हणजे तुझा वार चुकला तर बजा गेली. मी काहीच लपवत नाही.

जाताना दिलेला फासा तुझ्याकडं आहेच. तिथंच टाक आणि काय पडलं ते कळव.

काहीही पडो, आमच्यावरचा हक्क सोडू नकोस.
तुझा,
भरत


मंगळवेढा,
गुरुवार, २३ जानेवारी २०२५

चि. भरत यास आशीर्वाद. वि. वि.

पत्र काल आलं. आज सकाळी ओसरीवर पाट मांडला. केराबाई फुडं बसली. मी फासा मुठीत घिऊन बजाला म्हणलं, चल बाई. आन् टाकला.

अठरा!

केराबाई वरडली, मेली गं मेली घोरपड! मीबी उठून टाळ्या पिटल्या. मग खाली बघितलं. फासा पाटावर नव्हता. पाटावरनं उसळून भुईवर गेला हुता.

केराबाईला म्हणलं, ह्यो बाद. ती माझ्यावरच चिडली. म्हणली, सोलापूर कुटं, मंगळवेढं कुटं, कोण बघतंय? अठरा लिही आन् गप बस. खोटं कशाला बोलू भरत, मन लई वढलं. पेन हातात घितलं हुतं. पन मृत्युंजयचं त्या दिवशीचं त्वांड डोळ्याफुडं आलं. भुईवरचे त्याचे एकोणीस बाद आन् माजे अठरा चालणार? गाडीत तिकीट समद्यांला सारखं असतंय.

पुन्यांदा टाकला. पाटावरच थांबला.

अकरा.

बजा गेली, बाळा. एकानं गेली. कागदावरची बाई, पन मी रडले. केराबाई शिव्या देत देत च्या घिऊन आली, आन् तीबी रडली.

मृत्युंजयला म्हणावं, आता तरी राग सोड.
तुजी,
गोजाआत्या


सोलापूर,
सोमवार, २७ जानेवारी २०२५

ती. गोजाआत्यास शि. सा. नमस्कार. वि. वि.

'अठरा'ला आम्ही सगळे ओरडलो. पुढची ओळ सोनमनं दोनदा वाचली. मृत्युंजयनं पत्र तिच्या हातून घेतलं आणि शेवटपर्यंत तोच वाचत राहिला. वाचून झाल्यावर तो उभा राहिला. मग आम्हीही उभे राहिलो. कितीतरी वेळ कुणी बसेना.

नंतर तो म्हणाला, मी असतो तर अठरा लिहिले असते. मग खाली मान घालून म्हणाला, वर्षभर मी उगाच फुगून बसलो होतो.

नियम नियमच, बजा परत येणार नाही. पण मृत्युंजयनं काय केलं ऐक. लंगडत त्याचा गडी परत गुहेत शिरला. मी बजावलं, घोरपड आत आहे, हा मरेल. तो म्हणाला, मरू दे. फासा त्यानं तळहातावर इतका जपून घेतला, की टेबलाबाहेर जायची त्याची बिशाद नव्हती. गडी वाचला आणि बजाची तलवार घेऊन बाहेर आला. आता ती त्याच्या कागदावर लिहिलेली आहे, पण वापरणार नाही म्हणतो.

आत्या, तुझ्यासारखं खेळणारं माणूस मी पाहिलेलं नाही. तुझा भाचा असल्याचा मला फार अभिमान वाटतो. आता शनिवारी पोस्टमन येईल ना? ज्वारीबद्दल लिही, केराबाईंच्या कोपराबद्दल लिही, काहीही लिही.

वाट बघणारा,
भरत


मंगळवेढा,
शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५

चि. भरत यास आशीर्वाद. वि. वि.

यष्टीनं हुरडा धाडलाय, कंडक्टर वळखीचा हाय, स्टँडवर जाऊन घे. केराबाईचं कोपर उतरलं. आता ती माझ्या मागं लागलीया, तिलाबी गडी करायचाय. घोरपड हो म्हणलं तर म्हणती न्हाय, आता मी मारणार. तिच्यासाठी एक फासा धाड.

माझा नवा कागद संगट जोडलाय. बजाची लेक हाय. नाव अंबू. आईवानी चपळ. ढाल न्हाय, डाव्या हाताला घोंगडं. गुहेच्या तोंडाशी आलीया, आन् बाहेर बसलेल्या त्या लंगड्या गड्याला इचारतीया, की माझ्या आईची तलवार तुमच्यापाशी हाय का?

रविवारी काय ते कळवा.
तुमचीच,
गोजाआत्या