टिळा लावलेले डॉलर

३ जानेवारी, सकाळी सात
आज आंघोळ करून कंबोडियाच्या सहलीसाठी घेतलेल्या डॉलरच्या तिन्ही नोटा देवासमोर ठेवल्या. हळद-कुंकू वाहिलं. नोटेवरच्या म्हाताऱ्याच्या बरोबर कपाळावर टिळा आला. गृहस्थ शोभून दिसला. मालिनी म्हणाली, अहो, पाकिटाला लावा, नोटांना ओलं कुंकू कशाला? श्रद्धा कमी आहे तिची. नोटा देताना पैसे बदलून देणाऱ्या एजन्सीतल्या मुलानेही बजावलं होतं, काका, घडी नको, डाग नको. मिरकरवाडा बंदरावरच्या पतसंस्थेत सव्वीस वर्षं कॅशियर आहे मी. मला नोटा शिकवतो!

माझ्या काउंटरवर माझ्याच अक्षरात पाटी आहे: ‘ओल्या, फाटक्या, डाग पडलेल्या नोटा घेतल्या जाणार नाहीत.’ मासळीवाल्या कुरकुरतात. कुरकुरू देत.

५ जानेवारी
मालिनीचा धाकटा भाऊ उन्मेष कंबोडियाला बरोबर येतोय. म्हणाला, भावोजी, कार्ड घ्या, सुखी राहाल. कार्ड म्हणजे उधारीची सवय. त्याला तसं तोंडावर सांगितलं. संकल्प: परदेशात उन्मेषकडून एक पैसा घ्यायचा नाही. देवापुढे केलाय, म्हणजे मोडायचा प्रश्नच नाही.

मालिनीने दारच्या तुळशीच्या मंजिऱ्या डबीत भरल्या. तिथल्या अंगकोरच्या देवळातल्या आठ हातांच्या विष्णूला वाहायच्या आहेत. कॅलेंडरवर त्याचं चित्र पाहिल्यापासून, म्हणजे पंधरा वर्षं, तिने दुसरं काही मागितलेलं नाही.

११ जानेवारी, सिएम रीप (कंबोडिया)
बँक. नंबर लावून चाळीस मिनिटं. काउंटरवरच्या मुलीने नोट उजेडात धरली. दुसरीला बोलावलं. तिसरी आपणहून आली. मग तिघींनी हात जोडले आणि नोटा परत केल्या. मी इंग्रजीत सांगितलं, हे कुंकू आहे, गॉडचं आहे. पहिली म्हणाली, येस सर, स्टेन सर. स्टेन! एवढी देवळं ज्या देशात, तिथे कुंकवाला स्टेन म्हणतात. संताप आला. पाणीसुद्धा न पिता बाहेर पडलो. (दिलं नव्हतं.)

उद्या दुसरी बँक. माणसाने माणूस बघावा, नोट काय बघायची.

१२ जानेवारी
दुसऱ्या बँकेत मशीन. मशीनने नोट जिभेसारखी बाहेर टाकली. तीनदा.

दुपारी हॉटेलच्या साबणाने एक नोट हलक्या हाताने धुतली. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे साबणवाल्यांनी पुडक्यावर लिहायला हवं. म्हाताऱ्याचं डोकं फुटल्यासारखं दिसतंय. मालिनी दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही. यापेक्षा बोललेली परवडते.

१३ जानेवारी
सहलीतली बाकीची मंडळी अंगकोरला गेली. तिकीट ज्याचं त्याने काढायचं होतं. पोट बिघडलंय असं मी उन्मेषला सांगितलं. मालिनी म्हणाली, मी ह्यांच्याबरोबरच जाईन. तुझे पैसे मी भरतो ताई, असं तो म्हणाला तरी गेली नाही. हट्टी बाई.

पहिल्या बँकेच्या अध्यक्षांना तक्रारीचं पत्र लिहिलं. तीन पानं, मराठीत. भाषांतर ते करून घेतील. ‘नोटेवर डाग पडला म्हणून तिची किंमत कमी होत नाही आणि ती आणणारा माणूस तर मुळीच कमी होत नाही.’ हे वाक्य फारच उत्तम उतरलंय.

संध्याकाळी मालिनीने डबी उघडून पाहिली. मंजिऱ्यांचा भुगा व्हायला लागलाय. उद्या रात्री परतीचं विमान.

१४ जानेवारी, संक्रांत
सकाळी सहाला उन्मेषच्या खोलीवर गेलो. दोनदा परत फिरलो, तिसऱ्यांदा दार वाजवलं. नोटा दाखवल्या. त्याने एक नोट उजेडात धरली. म्हणाला, भावोजी, टिळा मात्र झकास जमलाय. मग माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि कार्ड शोधायला लागला. गोड बोलण्याच्या दिवशी असला टोमणा!

संकल्प शाबूत आहे. पैसे घेतलेले नाहीत. तिकीटखिडकीवर कार्ड त्याने मशीनला लावलं, मी हातही लावला नाही.

मालिनीने भुगा विष्णूच्या पायाशी ठेवला. रडली. धूर फार होता तिथे, माझेही डोळे चुरचुरले.

१९ जानेवारी, रत्नागिरी
एजन्सीतल्या मुलाने नोटा बघितल्या, मला बघितलं, म्हणाला, काका, मी सांगितलं होतं. मुंबईला पाठवून बघतो, पण पैसे कितपत येतील सांगता येत नाही. त्याच्या आवाजात आदर नव्हता.

२१ जानेवारी
विमला मासळीवाली भरणा करायला आली. पाचशेची नोट ओली, वर खवला चिकटलेला. सवयीने पाटीकडे बोट दाखवलं. मालिनी काल तिच्याकडून बांगडे घेऊन आली होती. बांगड्यांबरोबर काय काय बोलून आली, ते आत्ता कळलं. विमला सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी म्हणाली, भाऊ, माझ्या नोटेला म्हावऱ्याचा डाग, तुमच्या नोटेला देवाचा. तिकडच्या पोरींनी निदान हात तरी जोडले!

रांग हसली. शिपाईसुद्धा. नोट घेतली नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. घरी मालिनीशी बोलायचं नाही असं ठरवलं. जेवताना विसरलो.

२२ जानेवारी
आज लवकर येऊन पाटी काढली. कोणाच्या बोलण्यावरून नव्हे. अक्षरं पुसट झाली होती.

विमला कालचीच नोट घेऊन आली. घेतली. खवला नखाने काढला, पावती दिली. ती भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होती. मग पावती कनवटीला लावून गेली.

पाटी खालच्या ड्रॉवरमध्ये पालथी ठेवली आहे. तक्रारीचं पत्र तिच्याखाली.