खुणेचा हात

सॉल्ट लेक, कोलकाता
९ नोव्हेंबर २०२३

चि. शैला हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. फोन केला की तू कानातलं मशीन काढून ठेवतेस आणि मी आपला भिंतीशी बोलत बसतो, त्यापेक्षा हेच बरं. अर्धांगानंतर रमेशरावांच्या पायात थोडी ताकद आली, हे वाचून बरं वाटलं. उठवताना एकटीने उचलू नकोस, तुझी कंबर काही विशीतली नाही.

तुझ्या नातीला, वैदेहीला पिल्लू हवंय आणि तिचे मामाआजोबा कुत्र्यांना शिकवतात म्हणजे नक्की काय करतात, असं तिने विचारलंय. तिला आधी हे सांग, की मामाआजोबा कुत्र्याला भ्यायचे. पाटलांच्या कुत्र्याने माझी पोटरी फोडली तेव्हा मला मागे टाकून कोण पळालं होतं, तेही सांगायला हरकत नाही.

कोल्हापूरला फौजेत भरती झालो, तेव्हा जनावरांना कोण भितो असं साहेबांनी विचारलं होतं. लाजेपायी मी हात वर केला नाही, म्हणून माझी रवानगी मेरठला श्वानांकडे झाली. तिथे बलबीर नावाचे उस्ताद होते. त्यांनी मला एका काळ्या लॅब्राडोर कुत्रीच्या पिंजऱ्याबाहेर तीन दिवस नुसतं बसवलं. बोलायचं नाही, तिच्याकडे बघायचंही नाही. चौथ्या दिवशी ती जाळीला पाठ लावून माझ्याजवळ बसली. मग उस्ताद म्हणाले, की कुत्रा तुझं तोंड ऐकत नाही, अंग वाचतो. तेव्हा अंगाने खोटं बोलू नकोस. माझं शिक्षण म्हणजे एवढंच. पुढे सुरुंग शोधायच्या कामावर आवाज करायची सोय नसायची, तेव्हा हाताच्या खुणा आल्या. उघडा तळवा स्थिर धरला की थांब. बोटं जरा हलवली की ये. माझी खूण इतकी बारीक, की शेजारी उभ्या माणसाला कळू नये. फौज सुटली, बजबजला एका गोदामावर रखवालीचे कुत्रे सांभाळले, आता या सॉल्ट लेकमध्ये लोकांचे लाडोबा शिकवतो, पण पद्धत तीच. मारणं नाही, ओरडणं नाही.

सध्या सुलभाताईंचा बाघा आहे हातात. सुलभाताई म्हणजे मृणालच्या आईची, आपल्या सुनीतीची मैत्रीण, बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहतात. त्यांनी दोन वर्षांपूर्वी रस्त्यावरचं तपकिरी पिल्लू उचलून आणलं, ते आता वासराएवढं झालंय आणि त्यांना ओढत पार्कभर फिरवतं. हुशार आहे पण. महिनाभरात बघ.

इथे कालीपूजेचे फटाके सुरू झालेत, त्यामुळे चार घरांतून बोलावणी आहेत. सर्वांना आशीर्वाद. आपल्या मायेत अंतर नको.
तुझा,
दादा

—

कराड
२४ नोव्हेंबर २०२३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वैदेहीला वाचून दाखवलं. तिला उस्ताद फार आवडले. मी पळाले हे मात्र मी गाळलं.

यांचं तसंच चाललंय. डावा पाय हलतो, डावा हात नाही. मी भरवते, ते रागावतात. सून मदत करते, पण तिलाही नोकरी आहे.

आता एक विचारते, चेष्टेवारी नेऊ नकोस. तुझं अक्षर इतकं लहान का झालंय? टपोऱ्या अक्षरासाठी शाळेत तुझी पाटी वर्गावर्गातून फिरवायचे. या पत्रात ओळ नीट सुरू होते आणि शेवटाकडे मुंग्या झाल्यासारखी बारीक होत जाते. कागद वाचवतोयस की काय, असं आधी हसून म्हटलं. मग तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीचं तुझं पत्र काढून शेजारी ठेवलं. दोन वेगळ्या माणसांची वाटतात रे. छत्तीस वर्षं मुलांची अक्षरं तपासली आहेत मी, मला फसवू नकोस. डोळे दाखवलेस का? जेवतोस ना वेळेवर?

मृणालला माझा आशीर्वाद. तिला म्हणावं, आत्याला दोन ओळी लिहिल्या तर बोटं झिजणार नाहीत.

उत्तराची वाट बघते. जीव लावतोस तसाच लावत राहा.
तुझी,
शैला

—

सॉल्ट लेक, कोलकाता
१२ जानेवारी २०२४

चि. शैला हिस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. अक्षराचं म्हणशील तर चष्म्याचा नंबर बदललाय, दुसरं काही नाही.

सुलभाताईंचा बाघा गेला. मागच्या आठवड्यात सकाळी पार्काबाहेर थांबायला शिकवत होतो, तो न थांबता रस्त्यात आला आणि गाडीखाली सापडला. कुत्रा कच्चा निघाला. रस्त्यावर जन्मलेल्यांत धीर कमी असतो. होतं असं कधी कधी.

थंडी बरीच आहे. रमेशरावांना जपा.
तुझा,
दादा

—

सॉल्ट लेक, कोलकाता
२० जानेवारी २०२४

ती. शैलाआत्यास,
शि. सा. न.

आत्या, मी मराठीत कधी पत्र लिहिलं नाही. आई असती तर तिने तपासून दिलं असतं. चुका झाल्या तर हसू नकोस प्लीज. हे पत्र मी ऑफिसमध्ये बसून लिहिते आहे, बाबांना माहीत नाही.

बाबांचा उजवा हात थरथरतो. मला दुर्गापूजेच्या वेळी कळलं. मंडपात भोगाची खिचडी घेतली तेव्हा पानाचा द्रोण त्यांच्या हातात एवढा हलत होता, की त्यांनी तो माझ्याकडे दिला आणि म्हणाले भूक नाही. तेव्हापासून हात खिशात. मी चार वेळा डॉक्टरांचं बोलले, चारही वेळा ते कुत्रा शिकवायला निघून गेले. बाघा गेल्यावर मात्र माझ्याबरोबर आले. डॉक्टर म्हणाले कंपवात आहे, साधारण दोन वर्षांपासून असणार. गोळ्यांनी हळूहळू कमी होईल, जाणार नाही.

बाघाचं त्यांनी तुला काय लिहिलं, मला माहीत नाही. सुलभाकाकूंनी मला सांगितलं ते असं, की बाबांनी थांब म्हणून तळवा धरला होता आणि तो हलायला लागला. बाघाला वाटलं, बोलावतायत. काकू बाबांना काहीच बोलल्या नाहीत. उलट रोज डब्यात काहीतरी पाठवतात. बाबा तो डबा उघडत नाहीत, मी खाते, मला ते खाताना रडू येतं.

आणि आत्या, ते अजून दोन घरी शिकवायला जातात. त्यातल्या एका घरी, अनिकेत आणि सानिका म्हणून आहेत, तीन वर्षांची मुलगी आहे. मी त्यांना फोन करून सांगू का? सांगितलं तर बाबांना कळेल, की मी त्यांच्या पाठीमागे केलं. नाही सांगितलं आणि काही झालं तर? मी फोन हातात घेते आणि ठेवून देते. तू सांग ना काय करू. दुसरं कोण आहे मला?

काकांना नमस्कार. तुझी माया मला हवी आहे, एवढंच.
तुझी,
मृणाल

—

कराड
३ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मृणालने मला सगळं लिहिलं. तिच्यावर रागवायचं नाही. रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, मला ऐकूही येत नाही.

पत्र आलं तेव्हा मी यांना अंग पुसत होते. हातातलं तसंच टाकून वाचलं. मग यांना सांगितलं. हे म्हणाले, की तू जा त्याच्याकडे. कशी जाऊ, सांग. यांना कोणाच्या भरवशावर टाकू? सुनेने चार दिवस रजा काढते म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी तिची रजा नाकारली गेली. तू इथे ये म्हटलं तर तू येणार नाहीस, आणि आलास तर दोघांना उचलायची ताकद माझ्यात नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

ज्या दोन घरी जातोस तिथे तू स्वतः जाऊन सांग. मृणालला ते करायला लावू नकोस. ती लेक आहे तुझी, पहारेकरी नाही.

माझ्या हातात आहे तेवढं करते. सोबत दुरेघी वही पाठवली आहे, पहिलीच्या मुलांची असते ती. रोज एक पान मोठ्या अक्षरात लिही, दोन्ही रेघांना टेकवून. महिन्याने मला पाठव, मी तपासते. यातून काय होणार, मला माहीत नाही. नुसतं बसून राहवत नाही म्हणून पाठवते.

गोळ्या घे. लहान बहिणीचा हट्ट समज आणि घे.
तुझी,
शैला

—

सॉल्ट लेक, कोलकाता
२५ फेब्रुवारी २०२४

चि. शैला हिस,
अ. उ. आ.

वही मिळाली. सहा पानं झाली. तुझ्या लाल पेन्सिलीला भरपूर काम आहे.

दोन्ही घरी जाऊन आलो. अनिकेतकडे चहा दिला, फार चांगलं बोलले, आणि दुसऱ्या कोणाचं नाव सुचवाल का म्हणून विचारलं. मी सुचवलं. त्यांच्या मुलीने माझ्या हाताकडे बघून, आजोबांना थंडी वाजतेय असं आईला सांगितलं. सानिका कावरीबावरी झाली. मी हो म्हटलं.

बाघाबद्दल मी तुला खोटं लिहिलं होतं. तो कच्चा नव्हता. सकाळची वेळ, रस्ता रिकामा. तो पार्काच्या फाटकात, मी आणि सुलभाताई पलीकडच्या फुटपाथवर. लांब दोरी लावायला हवी होती. सुलभाताईंना दाखवायचं म्हणून मी ती सोडली. तळवा धरला आणि मनात तीस मोजायला लागलो. दहाच्या पुढे बोटं हलायला लागली. मला दिसत होती, दुसऱ्याच कोणाची असावीत तशी. बाघाने एकदा मान वाकडी करून नीट बघितलं. मग आला. मी शिकवलं होतं तसाच, सरळ, कान वर करून. कोपऱ्यावरून माल पोचवणारी गाडी वळली. मी ओरडलो, शैला. पण तोंडाचा एक शब्द मी त्याला कधी शिकवला नव्हता. माझा आवाज ऐकून तो जास्तच जोरात धावला.

सुलभाताईंकडे काल गेलो. त्या म्हणाल्या, तो आनंदात गेला, तुमच्याकडेच येत होता. माझं मन राखायला म्हणाल्या. तेच मला सोसत नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर काही तरी उत्तर देता आलं असतं.

गोळ्या चालू आहेत. सकाळी जरा बरं असतं, मग पुन्हा तेच. मृणाल ऑफिसला गेली की घरात मी आणि आमची म्हातारी कुत्री राणू. राणू आता बारा वर्षांची आहे, मागचे पाय धरलेत तिचे, उठायला फार त्रास होतो. दिवसभर माझ्यासमोर पडून असते आणि नजर माझ्या हातावर. मी तिला तसंच वाढवलंय. हात मांडीवर नुसता ठेवला, तरी बोटं हलतात. मग ती पुढच्या पायांवर जोर देऊन उठते, माझ्यापाशी येते, काय हवं म्हणून तोंडाकडे बघते. मला काहीच नको असतं. ती बसते. बोटं पुन्हा हलतात, ती पुन्हा उठते. तोंडाने नाही म्हटलेलं तिला कळत नाही, आणि या वयात नवीन काय शिकवू? दार लावून तिला बाहेर ठेवून बघितलं, तर दाराला नाक लावून उभीच राहिली. म्हणून हल्ली मी हात मांडीखाली दाबून बसतो. तेवढ्यात तिला झोप लागते.

रमेशरावांना नमस्कार. तुला यायला जमत नाही, याचं मनाला लावून घेऊ नकोस. माझ्यावर जीव आहे तुझा, तेवढ्यावर माझं चाललंय.

आणखी लिहायचं होतं. लिहिताना हात बरा राहतो, पण शब्द शोधायला थांबलो की सुरू होतो. आत्ता थांबलो, तशी राणू उठून उभी राहिली आहे. तिला बसता यावं म्हणून इथेच पुरे करतो.
तुझा,
दादा