बदली

८ फेब्रुवारी, शनिवार
'आईला पाठवलंस?' एवढंच म्हणाला हितेंद्र आणि फोन ठेवला. हो, पाठवलं! गुन्हा झाला का?

शाळेपासूनच्या या माझ्या मित्राचे बाबा, धोंडूकाका, आठवडाभर परळच्या हॉस्पिटलात आहेत. छातीत पाणी झालंय. हितेंद्र आणि त्याची बहीण रुपाली भोईवाड्यातून येऊन आळीपाळीने बसतात. शनिवारी सकाळी सात ते तीन मी बसेन, असं मीच कबूल केलं होतं. पण मला हॉस्पिटलचा वास सहन होत नाही. नववीत रक्त तपासायला नेलं तर बाकावरून खाली पडलो होतो. आई पहाटेच म्हणाली, 'तू नको जाऊस, मी जाते.' गेली. मऊ भात नेला, गोळ्या वेळेवर दिल्या, चादर बदलून घेतली, तीनपर्यंत हलली नाही. माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगलं केलं तिने. मग तक्रार कसली?

९ फेब्रुवारी, रविवार
आई जेवताना एकटीच हसत होती. काल तिला दारात बघून काका म्हणाले म्हणे, 'शंतनु नाय इलो? बदली धाडल्यान वाटता!' काका तरुणपणी गिरणीत बदली कामगार होते. कायमचा कामगार आला नाही की गेटवर ताटकळणाऱ्या बदलीला आत घ्यायचे. आईला विनोद फार आवडला. मला नाही आवडला.

११ फेब्रुवारी, मंगळवार
हितेंद्रचा मेसेज नाही. मीही करणार नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
केलाच त्याने. ऑफिस सुटल्यावर हॉस्पिटलसमोर चहाला बोलावलं. दाढी वाढलेली, शर्ट बहुधा कालचाच.

'काकू ग्रेट आहेत रे. एकदम बेस्ट केलं बाबांचं. पण मला तू पाहिजे होतास.'
'मी येऊन काय केलं असतं?'
'काय नाय. बसला असतास.'

मला राग आला. म्हटलं, तुला माझं माहीत आहे, प्रत्येकाचं मन सारखं नसतं. तर म्हणे, 'माझं काय दगडाचं आहे? माझीपण फाटते रे तिथे.' मग मी जे बोललो ते इथे लिहून ठेवतो, मागे घेणार नाही — 'तुझे बाबा आहेत, तुला बसावंच लागणार. मला कशाला ओढतोस?'

चहा अर्धा टाकून निघून गेला.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. मी आईला सगळंच सांगतो, एकतीस वर्षांचा असलो म्हणून काय झालं? 'मी बोलते त्याच्याशी,' म्हणाली. पाचवीत आमचं कॅरमवरून वाजलं तेव्हाही हीच बेसनाचे लाडू घेऊन त्यांच्या घरी गेली होती. आणि मिटलं होतं. मिटलं ना? मग झालं तर.

१५ फेब्रुवारी, शनिवार
आजही आईच गेली. माझे पोहे झाकून ठेवले होते, ते तसेच राहिले.

'बसला असतास.' डोक्यातून जातच नाही. अरे, बसणं हे काय मोठं शास्त्र आहे? मला ते जमत नाही असं ठरवलं कोणी? मला विचारून ठरवलं का?

१६ फेब्रुवारी, रविवार
आईला सांगितलं लायब्ररीत जातोय. याआधी अशी थाप मारल्याचं मला तरी आठवत नाही. फणसवाडीच्या नाक्यावरून टॅक्सी केली आणि परळ गाठलं. नाकाखाली बाम चोपडला होता, तरी फिनेलचा वास आलाच. पहिल्या जिन्यापाशी थांबलो. कठडा धरून दहा मिनिटं उभा राहिलो. घाम फुटला. पण पडलो नाही! मग तिथूनच परत फिरलो.

शनिवारी मी जाणार. हितेंद्रला आधी सांगणार नाही, आईला तर नाहीच. तो आला की मी खुर्चीत बसलेला दिसलो पाहिजे. त्या दिवशीचं ते वाक्यही मागे घेईन म्हणतो. बघू.

१९ फेब्रुवारी, बुधवार
शिवजयंतीची सुट्टी. आई सकाळीच बाहेर पडली, भजन आहे म्हणे. दुपारी आली ती थेट न्हाणीघरात. 'उकडतंय रे,' म्हणाली. डोळे लाल झाले होते. मी विचारलं, हितेंद्रशी बोललीस का?

'बोलले. होईल सगळं नीट. तू जेवून घे.'

लहानपणापासून हेच ऐकतोय, तू जेवून घे. शनिवारी दाखवतोच दोघांना.

२२ फेब्रुवारी, शनिवार
पावणेसातला वॉर्डात पोचलो. आईने सांगितलेल्या बारा नंबरच्या कॉटवर कोणी दुसरेच गृहस्थ. सिस्टर म्हणाली, 'ते मंगळवारी रात्री गेले.' मी विचारलं, 'घरी?'

हितेंद्रला फोन लावला. म्हणाला, 'काकूंना कळवलं होतं रे मी. त्या म्हणाल्या, त्याला सोसायचं नाही, सांगू नकोस, मीच येते. मी म्हटलं, बरं.'

मी म्हटलं, 'आता येऊ?'

'आता कशाला,' म्हणाला. 'काकू येऊन गेल्या ना.'