तेराव्याचं पोतं

पिंपरी,
१४ डिसेंबर १९५८

तीर्थरूप सावळारामदादास,

यशोदाचा नमस्कार. इकडे सगळे ठीक. ह्यांचा पगार पाच रुपयांनी वाढला, पण महागाईपुढे तो कळलासुद्धा नाही. थंडी बरीच आहे.

काल कौशल्यावहिनी येऊन गेली. रेशनच्या दुकानाला सील लागल्यापासून तू धड जेवत नाहीस म्हणाली. सरकारी शिक्क्याचं पोतं पुरवठा खात्याच्या साहेबांच्या हाती कुणी दिलं, असं विचारत होती. मी चहा टाकला आणि विषय बदलला. तिला सांगवलं नाही. तुला सांगते.

मी दिलं.

श्रावणात आईचं जेवण तुटलं. नुसती पेज जायची. बाजारात तांदूळ चौदा आणे शेर, सरकारने तुझ्या दुकानात तो आठ आण्यांनी द्यायला लावलेला. कार्ड घेऊन मी चार वेळा चिंचवडला आले. चारही वेळा तू रांगेदेखत म्हणालास, "माल आला नाही. सरकारला विचार." शेवटच्या खेपेला तुझ्या मागच्या दारी चाकणच्या व्यापाऱ्याची बैलगाडी भरत होती. घरी येऊन मी आईला ज्वारीची आंबील पाजली. तिला ती सोसली नाही. तरी जाईपर्यंत म्हणायची, "सावळ्याला सांग. तो आणील."

आणलंस, तेराव्याला. तांदळाचं अख्खं पोतं, सगळ्या भावकीसमोर उतरवलंस. लोक म्हणाले, मुलगा असावा तर असा. पंगती उठल्यावर मी ते रिकामं पोतं घडी घालून ट्रंकेत ठेवलं.

वहिनीला आशा आहे की पोतं तू आईच्या कार्याला फुकट दिलंस, असं मी सांगेन आणि तू दंडावर सुटशील. तसं होणार नाही. तू ते मला चौदा आण्यांच्या भावाने विकलंस, असा जबाब मी दिला आहे. खाली सही केली आहे. ते खोटं आहे, हे तुला आणि मला ठाऊक. ह्यांनाही मी सांगितलेलं नाही. गुरुवारच्या चौकशीत मामलेदारांसमोर शपथेवर तेच सांगेन, आणि माझा आवाज कापणार नाही.

हे पत्र तू तिथे दाखवू शकतोस. ते माझं आहे हे मी नाकारणार नाही. मात्र ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं जाईल, सगळ्यांसमोर.

आईजवळ होती ती,
यशोदा