उंबऱ्यातले आरसे

३ सप्टेंबर २००७

पयलं माफी. ऱ्हस्व दीर्घ मला शाळेतबी जमलं न्हाई, आनि इथं तर एकेक अक्षर हुडकावं लागायलं. ळ सापडेपर्यंत मनातलं वाक्य निघून जातं. कोनाची माफी मागून राहिले म्हाईत न्हाई, ही फाईल मीच वाचनार. नाव ठेवलंय ‘जुनी मीटिंग’. जुनी मीटिंग कोनी उघडत न्हाई.

संस्थेच्या मॅडम म्हन्ल्या, शांती, रोज मनातलं काईबी टाईप कर, बोटं मोकळी व्हतील. बोटाचं काय घेऊन बसल्या. तोंड मोकळं व्हत न्हाई माझं. दिवसभरात ‘हो मॅडम’ आनि ‘चहा सांगू का’ एवढंच बोलले. घरी आमची बंजाऱ्यांची गोरमाटी, हापिसात मराठी, खाली फोनच्या बूथवर हिंदी. तिन्हीत मी गप.

५ सप्टें.

बँकेचे साहेब आज तांड्यावर आलते. नरसीच्या फाट्यापासून जीप चिखलात, मी आनि ड्रायवर ढकलत. साहेब आत बसलेले.

आमच्या बायांच्या सोसायटीची पयली रांग बघितली. भिंती वर आल्यात, पत्रं राहिलेत. साहेब खूश. मंग याडीला, माझ्या आईला, विचारलं, घरात पुरुष माणूस कोन?

याडी म्हन्ली, न्हाई कोनी. पोरीचा बा वारला.

साहेबानं मॅडमकडं बघितलं, मॅडमनं कागदाकडं. मंग मला, बेटा तू किती शिकली? मी खाली बघितलं.

सांगायचं व्हतं. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बा गेला तवा मी आठवीत. याडी अर्धा कोयता झाली. अर्ध्याला मुकादम उचल, आगाऊ पैसे, देत न्हाई. म्हन्ला, पोरगी जोड. जोडली मला. एवढं शिकले, साहेब.

मुकादम म्हंजे आमच्या तांड्याचा नायकच. हितून पुढं नुसतं ‘ना.’ लिहीन. कोनी उघडलीच फाईल तर.

९ सप्टें.

सुट्टी. रेती वाहिली. खांदे गेले.

डोक्यात एकच गोष्ट फिरून राहिली, ती टाकते. सगळ्या बायांनी मिळून सगळी घरं बांधायची. आपलं कोनतं, कोनालाच म्हाईत न्हाई. पत्रं पडले की चिठ्ठ्या. जिला जे निघंल ते. हा कायदा मॅडमनं केला असं हिंगोलीत समदे समजतात. खोटं हाय. सोमली आजीनं केला. पयल्या मीटिंगमधी म्हन्ली व्हती, आपलं घर कोनतं ते कळलं की दुसऱ्याच्या भिंतीला हात आखडतो, माझाबी आखडंल. म्हनून आमच्या रांगेत एकबी भिंत कच्ची न्हाई.

बँक म्हनते पयली रांग कायद्यानं वाटा, राहायला जा, हप्ते भरा, मंगच दुसऱ्या रांगेचं कर्ज. मावशी दुसऱ्या रांगेत हाय. ती रोज रेती वाहते, तिचं घर तर अजून कागदावरबी न्हाई.

रांगेचं एक टोक रस्त्याला, दुसरं नाल्याला. आमची आताची झोपडी नाल्यालाच हाय. मागच्या पावसात चूल वाहून गेली. परातीत लेकरासारखं पीठ धरून याडी रातभर उभी व्हती. मला नाल्याचं नको. पन चिठ्ठीत निघालं तर राहीन. चिठ्ठीशी भांडता येत न्हाई.

१५ सप्टें.

गणपती बसले. हापिसापुढं कर्णे. टायपिंग करताना डोकं उठतं.

तांड्यात उंबरे ओतले. सिमिट वलं व्हतं तवा सोमली आजीनं आपल्या फाटक्या कांचळीतला, आरसे टाकलेल्या चोळीतला, एक आरसा दातानं तोडून उंबऱ्यात दाबला. घराला नजर लागू नये म्हनून. मंग काय, समद्याच. जी ज्या दारात काम करत व्हती तिनं तिथंच आपला एक आरसा. याडीनं पेटीतली लग्नाची कांचळी काढली. बा गेल्यापासून घातली न्हाई तिनं. त्यातला कोपरा उडालेला एक आरसा रस्त्याकडच्या घरात लावला. ती तिथं थापी मारत व्हती म्हनून, दुसरं काई न्हाई.

उन्हं पडली की बाराच्या बारा दारं चमकतात. लई भारी दिसलं. मीबी हसले. धुरपदाकाकी नाल्याकडच्या दारात व्हती, म्हन्ली, शांते, दात दिसले गं तुझे, पयल्यांदाच.

२२ सप्टें.

अकला गहान ठेवल्या व्हत्या आमी.

आता हरेक बाई म्हनते, जिथं माझा आरसा ते घर माझं. पारू म्हनते मी माझ्या दारापुढं तुळस लावली. माझ्या! चिठ्ठ्या कुठं गेल्या? सोमली आजी डोकं धरून बसली. म्हन्ली, नजर घालवायला गेले नि म्याच नजर लावली.

कोनाच्या ध्यानातच आलं न्हाई. आमाला आरसा म्हंजे आपल्या अंगावरचं. जिथं लावला ते आपलं झालं असं वाटनारच.

काल एका भिंतीला पानी मारायचं व्हतं, त्या दारात जिचा आरसा तिलाच हाक मारली बायांनी. ती मार म्हन्ल्या, तुझं हाय. पयलं असं नव्हतं.

२९ सप्टें.

आज बघितलं. अक्षर चुकायलेत, चुकू दे.

रस्त्याकडच्या घरात याडीचा आरसा न्हाई. त्या जागी गोल, नवा, बाजारातला. भवतालचं सिमिट काळं, वलं. बाकी उंबरा वाळून पांढरा. नाल्याकडच्या दारात जाऊन बघितलं. तिथला धुरपदाकाकीचा आरसा उखडलेला, खड्डा बुजवलेला. तिथंबी काळा डाग.

धुरपदाकाकी म्हंजे ना. ची बायको.

पिंट्या, त्यांचा पोरगा, रस्त्याच्या घराच्या ओट्यावर बसून पावलानं माप घेऊन राहिला व्हता. मला बघून म्हन्ला, हितं काऊंटर येनार, मोबाईलचं रिचार्ज, नरसीला देवाला येनारं पब्लिक लई हाय. तू येशील का हिशोब टाईप करायला?

तशीच माघारी फिरले. मला माझाच राग येतो तवा कानात सूं करतं.

घरी येऊन याडीला सांगितलं. ती भाकर थापत व्हती. थापतच राहिली. मंग म्हन्ली, आरसा माझा व्हता, घर न्हाई. घर चिठ्ठीचं.

म्हन्लं तुझा लग्नाचा आरसा व्हता तो. तर म्हन्ली, भाकर खा.

खाल्ली न्हाई.

३ ऑक्टो.

तांड्याची बैठक, झेंड्यापाशी. मला हापिसातून मुद्दाम पाठवलं, लिहून घ्यायला. लिहिलं.

ना. बाजेवर. म्हन्ला, बायांनी आरसे लावून घरं वाटूनच घेतलीत. आता चिठ्ठ्या कशाला, तो बायांचाच अपमान. जिचा आरसा तिचं दार. बाया खाली बघून हो म्हन्ल्या. हो का म्हननार न्हाईत? दसऱ्यानंतर ऊसतोडीचे ट्रक लागनार, उचल त्याच्या हातात.

मंग ना. म्हन्ला, एकीचा आरसा कुठंच दिसत न्हाई. एक दार बिनआरशाचं हाय, नाल्याकडचं. ते तिचं.

म्हंजे आमी. आमचा आरसा उखडला, आता आमचाच आरसा न्हाई म्हनून नाला आमाला.

याडी एवढंच बोलली, सोसायटीचा कायदा चिठ्ठीचा हाय, नायक. तो हसला. म्हन्ला, अर्ध्या कोयत्यानं कायदा बोलू नये.

समदे ऐकत व्हते. एक माणूस उठला न्हाई. मीबी न्हाई. वहीत ‘अर्ध्या कोयत्यानं’ असं लिहिलं नि पेन्सिल मोडली.

४ ऑक्टो.

मॅडमनं वही वाचली. वाटलं आता भडकतील. म्हन्ल्या, हे गावकीचं आहे, शांती, बाहेरच्यांनी पडू नये. बँकेला ठराव द्यावा लागंल, सर्वानुमते वाटप झाले असा टाईप कर. संस्थेचं पुढचं काम अडकंल, अजून चार तांडे वाट बघतात. थोडं धरायचं, थोडं सोडायचं.

सोडायचं कोनी? सोडनारे दरसाली तेच कसे निघतात?

हे मॅडमला म्हन्ले न्हाई. फाईलला म्हन्ले.

ठराव उघडला. ‘सर्वानुमते’ पर्यंत आले. तिथं थांबले. याडी त्या ‘सर्व’ मधी न्हाई का? कंप्युटर बंद केला. मॅडमला म्हन्लं लाईट गेली. लाईट व्हती. पंखा फिरत व्हता डोक्यावर. मॅडमनं पंख्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, नि पर्स घेऊन गेल्या.

७ ऑक्टो.

परत बैठक. मॅडमला यावंच लागलं, ठराव न्हाई म्हनून. सोमली आजी उभी राह्यली. रस्त्याच्या दारातला डाग दाखवला, म्हन्ली, हे सिमिट मागून भरलेलं हाय. धुरपदाकाकीनं पदर पुढं वढला. पिंट्या म्हन्ला, म्हातारीला दिसतं का? बाया खुसखुसल्या. ना. म्हन्ला आरसा दिसतो ना, बास.

कानात सूं.

मी उभी राह्यले. कधी राह्यले कळलं न्हाई. आवाज फाटला. म्हन्ले,

“आरशावरच घर मिळतं ना? मंग समद्याचे आरसे समद्या दारात लावा. आनि मंग वाटा कसं वाटता ते.”

रागानं म्हन्ले. टोमना मारला. काई तोडगा बिडगा नव्हता तो.

पिंट्या म्हन्ला, “आयला, हिला बोलता येतं व्हय?” बाप्ये हसले. मी खाली बसले, घागर ठेवावी तशी.

पन सोमली आजी हसली न्हाई. ती आपल्या कांचळीकडं बघत व्हती. मंग दातानं एक आरसा तोडला. मंग दुसरा. ओटीत टाकत गेली. पारू म्हन्ली, आजी काय करून राहिली? आजी म्हन्ली, पोरगी म्हन्ली ते.

मंग पारूनंबी कात्री मागितली.

१० ऑक्टो.

मॅडमनं वरच्या हापिसाला फोन केला. मी ऐकत व्हते. म्हन्ल्या, आमच्या महिलांनी सामूहिक निर्णयातून एक कल्पना मांडली. सामूहिक! माझा घसा अजून दुखायला. पन ‘आता ठराव चिठ्ठीचाच’ असंबी म्हन्ल्या, जोरात, बूथवाल्याला खालीपर्यंत ऐकू गेलं असंल.

ना. नं रेतीचा ट्रॅक्टर बंद केला. शेवटची रेती डोक्यावर आनली बायांनी, वढ्यापासून. आनि निरोप पाठवला, आरसे लावनारीनं यंदा ट्रकमधी जागा धरू नये. दोघी-तिघी माघारी गेल्या. पारू न्हाई गेली. तिला तिसरं लेकरू व्हनार हाय, तिच्यावर राग धरू का मान देऊ कळत न्हाई, दोन्ही व्हतं.

याडीला विचारलं, उचल न्हाई मिळाली तर? म्हन्ली, हळद काढायला जाऊ कुठंतरी. मंग म्हन्ली, तू बैठकीत अशी वरडलीस जसा तुझा बा बैलावर वरडायचा.

ते चांगलं म्हन्ली का वाईट, विचारलं न्हाई.

१४ ऑक्टो.

छन्नीनं उंबऱ्यात खाचा पाडून आरसे बसवले. हरेक दारात समद्या बायांचे. माघारी गेलेल्याचेबी, सोमली आजीनं मागून आनले. चोरून दिले त्यांनी, नवऱ्याच्या मागं. याडीची कांचळी आता नुसतं कापड राहिली, भोकाभोकाचं. ती तिनं घडी करून परत पेटीत ठेवली. मी बाहेर गेले. बघवलं न्हाई.

एक दार राहिलं. रस्त्याकडचं. धुरपदाकाकी उंबऱ्यावर बसून हाय, उठत न्हाई. पिंट्या तिला डबा आनून देतो. त्या दारात तिचा एकटीचा गोल आरसा.

त्या एका दारानं समदं वाया. बाकीच्या दारात कोनाचंच न्हाई, तिथं तिचंच. चिठ्ठी त्या घराची निघाली नि ती उठलीच न्हाई तर? बँक काय, बाई उचलून बाजूला ठेवनार हाय का?

मला तिला हाताला धरून वढावं वाटलं. गेलेबी व्हते. ती म्हन्ली, शांते, पानी दे. दिलं. काहून दिलं म्हाईत न्हाई.

१७ ऑक्टो.

उद्या चिठ्ठ्या. साहेब येनार, मॅडम येनार. चिठ्ठ्या आज मी केल्या, समद्या सारख्या घडीच्या. पिंट्यानं फोन करून विचारलं, रस्त्याच्या चिठ्ठीला काई निशानी करता येईल का, बघ, रिचार्ज फुकट. मी फोन ठेवला. बोलले न्हाई, पन ह्या वेळेला गप बसनं येगळं व्हतं.

सकाळी निघताना रस्त्याच्या दारापुढनं आले. धुरपदाकाकी बसूनच. पिंट्या नव्हता. सोमली आजी तिच्याशेजारी बसली व्हती, दोघी तंबाखू मळत. काकीनं आजीला हळूच विचारलं, तुमचे आरसे उरलेत का संपले?

आजी म्हन्ली, उरलेत, एका दारापुरते.

काकीनं तंबाखू तोंडात टाकली. उठली न्हाई. पाय तेवढे आखडून घेतले, उंबरा अर्धा मोकळा दिसायला.

आता उद्या ती उठली तर

मधीच थांबावं लागलं, खालच्या बूथवाल्या चाचाला जुळं झालं. दोन्ही पोरी. पेढे घेऊन वर आला, दोन घे म्हन्ला, दोघींचे.