कचेरीची सुट्टी

मंगळवार, ६ ऑक्टोबर

काल लिहिलंय त्यात एक चूक आहे. ती आधी दुरुस्त करते, मग पुढचं.

काल लिहिलं की बंदरावर आमच्या दवाखान्याची नवी शाखा निघतेय, तिथेच राहून तिथली फार्मसी एकटीने सांभाळशील का असं मोठ्या बाईंनी विचारलं, आणि मी ‘विचार करून सांगते’ म्हणाले. तसं झालं नाही. मी विचारबिचार काही केला नाही. त्यांचं वाक्य संपायच्या आत ‘नाही’ म्हणून मोकळी झाले. वर ‘घरी बघणारं कोणी नाही हो’ हेही सांगितलं, त्यांनी विचारलेलं नसताना. मोठ्या बाई फार्मसीच्या प्रमुख, त्यांच्यापुढे कोणी इतक्या झटकन बोलत नाही. त्यांनी शांतपणे बरणीचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, ‘मी हे ऐकलेलंच नाही. तू त्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांकडे साधनेला आठवडाभर राहून ये. सोमवारी सांग. मंगळवारी मी दुसरीला विचारणार.’

आता बरोबर झालं. स्वतःच्या वहीत स्वतःला बरं दाखवायचं म्हणजे कमालच! कोण वाचणार होतं?

इथे मौन आहे. काल संध्याकाळी साधनेला आलेल्या सगळ्यांनी एकमेकांना आपापलं काम सांगितलं आणि मग जे तोंड बंद झालं ते आता रविवारपर्यंत. रोज सकाळी फक्त आपल्याला नेमून दिलेल्या सिस्टरांशी बोलायचं. लिहिणं हे बोलण्यात धरतात का? विचारायला हवं. पण विचारणं म्हणजे बोलणंच! उद्या सकाळी विचारेन. तोवर बारीक अक्षरात लिहिते.

खोलीत एक खाट, एक खुर्ची, भिंतीवर क्रूस, दारामागे खुंटी. खाट खिडकीशी आहे, घरच्यासारखीच. घरी ती जागा मी शाळेत असताना बाबांनी मला दिली. शिकणारीला उजेड हवा म्हणून. आई तेव्हापासून आतल्या भिंतीशी झोपते. हे रोज आठवायला नको, पण रोज आठवतं.

बाबांच्या गोळ्या. सकाळच्या पाकिटांवर आईसाठी सूर्य काढून दिलाय, रात्रीच्यांवर चंद्र. चंद्र नीट जमला नव्हता. केळ्यासारखा दिसत होता. केळं समजून दुपारी दिल्या तर?

बुधवार, ७ ऑक्टोबर

लिहिणं चालतं. सिस्टर म्हणाल्या, ‘लिही की. फक्त देवाला मार्क मागू नकोस.’ त्यांना कसं कळलं?

माझ्या सिस्टर वयस्कर आहेत. कानात यंत्र, पायात पुरुषी बूट. मी प्रार्थना कशी करते ते त्यांनी विचारलं. सांगितलं: आधी बाबा, मग आई, मग धाकटा, मग आत्या, मग दवाखान्यातले पेशंट, मग फार्मसीतल्या सगळ्या जणी, शेवटी जग. कोणी सुटलं तर पहिल्यापासून. कधीकधी आत्या सुटते आणि मला पुन्हा बाबांपासून यावं लागतं.

‘आणि तू?’

‘मी कशी सुटेन? मीच तर म्हणतेय.’

सिस्टरांनी कानातलं यंत्र उगाचच चाचपलं. मग म्हणाल्या, ‘ही सगळी माणसं मला दे. आम्ही इथे नऊ जणी आहोत, संध्याकाळच्या प्रार्थनेत त्यांना वाटून घेऊ. तू रविवारपर्यंत कोणासाठीही काही मागायचं नाही.’

‘मग मी चॅपलमध्ये बसून करू काय?’

‘बस.’

बाकी सगळ्यांना मननासाठी शास्त्रातला एकेक उतारा मिळाला. मला काहीच नाही! शाळेत आजारी मुलीला गृहपाठ देत नसत, तसं वाटलं. दुपारी शेजारच्या खोलीतल्या बाईंचा उतारा त्यांच्या खांद्यावरून वाचायचा प्रयत्न केला. चष्म्याशिवाय दिसला नाही. उद्या हेही सांगावं लागणार.

आत्या आज कोणाच्या वाट्याला आली असेल? त्या सिस्टरांना तिचा स्वभाव माहीत नाही. देव त्यांचं भलं करो. (हे मागण्यात धरू नये.)

गुरुवार, ८ ऑक्टोबर

चॅपलमध्ये झोपले. अगदी वेदीवरच्या पवित्र साक्रामेंतासमोर! मान खाली, तोंड उघडं. जाग आली तेव्हा ऊन पहिल्या बाकावरून तिसऱ्यावर आलं होतं. तशीच उठून सिस्टरांकडे गेले. फादर कधी येतात विचारलं, कबुली द्यायची आहे म्हटलं.

‘कशाची?’

‘झोपले.’

‘घोरलीस?’

‘माहीत नाही.’

‘घोरली असतीस तर मलासुद्धा ऐकू आलं असतं. मग कबूल काय करणार आहेस?’ मग म्हणाल्या, ‘किती दिवसांनी अशी झोपलीस?’

आठवेना. खरंच आठवेना. रडू आलं. सिस्टरांनी समजूतबिमजूत काही काढली नाही. खिडकी जरा ओढून घेतली, वारा लागत होता म्हणून.

पण आज लिहायचं आहे ते जेवणाचं.

इथे मौनात जेवताना काही मागायचं नाही, खूणही करायची नाही. पाव, मीठ, पाण्याचा जग — ज्याला जे हवं ते शेजाऱ्याने ओळखून पुढे करायचं. पहिल्या दिवशी हा नियम ऐकला तेव्हा मनात म्हटलं, हे तर मला येतं! आयुष्यभर दुसरं केलंय काय? मंगळवारपासून मी टेबलावर नुसती धावते आहे. कोणाचा हात हलायच्या आत पाव. पेला अर्धा व्हायच्या आत पाणी. समोर एक काका बसतात, बस चालवतात, त्यांना सूपमध्ये भरपूर मीठ लागतं. मी त्यांना मनातल्या मनात मीठकाका म्हणते. मीठदाणी मी त्यांच्यापुढून हलूच देत नाही. आज मी ती चौथ्यांदा सरकवली तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं पुन्हा पुन्हा घंटी वाजवणाऱ्या प्रवाशाकडे बघत असतील.

सिस्टरांनी हे पाहिलं असावं. जेवणानंतर बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘रात्रीपासून तू कोणालाही काही द्यायचं नाहीस. आणि स्वतःच्या हाताने काही घ्यायचंही नाही. कोणी देईल ते जेवायचं.’

‘आणि नाही दिलं तर?’

‘तर उद्याचा नाश्ता मी स्वतः भरवीन तुला. जा.’

रात्री हात मांडीवर ठेवून बसले. सूप पुढे आलं. पाव नाही. पाणी नाही. डावीकडच्या बाईंना पाव हवा होता, मला दिसत होतं. माझा हात दोनदा उठला आणि दोनदा मी तो खाली बसवला. मीठकाकांना मीठ मिळालं नाही. त्यांनी अळणी सूपचा एक घोट घेतला आणि डोळे मिटले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यामुळे! मग डावीकडच्या बाईंना दुसऱ्याच कोणी पाव दिला. मीठही काकांकडे पोचलं, जरा उशिरा, फिरत फिरत. टेबलावर सगळ्यांना सगळं मिळालं. आणि मी तशीच.

वाटलं, उठून जावं.

मग मीठकाकांनी मान वर केली. माझ्या पेल्याकडे बघितलं. मोठा, जाड हात टेबलावरून आला आणि त्यांनी माझा पेला काठोकाठ भरला. इतका की उचलता येईना. मग पाव. मग, थोडा विचार करून, मीठ.

मी वाकून पेल्याला तोंड लावून पाणी प्यायले, लहान मुलासारखं. काका हसले नाहीत. पण त्यांची मिशी हलली.

मला पाणी हवंय हे ओळखलं कोणीतरी! एवढीशी गोष्ट. खोलीत येऊन कितीतरी वेळ नुसती बसले होते.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

आई आली होती!

सकाळी सिस्टर दारात येऊन म्हणाल्या, ‘फाटकाशी तुझी आई आहे.’ बाबा. चंद्र. केळं. चपला न घालता धावले.

फाटकाबाहेर आई उभी. हातात पिशवी, पदर नीट, चेहऱ्यावर काहीच नाही.

‘बाबांना काय झालं?’

‘काही नाही झालं.’

‘मग तू का आलीस?’

‘काही झालं नाही म्हणून आले. काही झाल्यावर यायला वेळ कुठे असतो? स्वेटर विसरलीस.’

आई लॉन्ड्रीत इस्त्री करते. आज सुट्टी मागून आली. एकटी. दोन बस बदलून! ती माझ्याशिवाय कधी चौकापलीकडे गेलेली नाही. पाटी वाचता येत नाही म्हणून बस कुठली ते मीच बघते, तिकीट मीच काढते, उतरायचं मीच सांगते. तिला म्हटलं, आलीस कशी?

‘विचारत आले. तोंड आहे ना मला! एका पोरीने बस दाखवली, एका म्हाताऱ्याने जागा दिली, कंडक्टरने तर फाटकाच्या अलीकडेच उतरवलं. त्याच्या बहिणीचं लग्न जमत नाहीये, बिचारा.’

‘मी बरोबर असते तेव्हा तू कधी कोणाला विचारत नाहीस.’

‘तू विचारू देतेस कुठे? मी तोंड उघडायच्या आत तू सांगून मोकळी.’

मला टेबल आठवलं. हात मांडीवर घेतले. म्हणजे, उभी होते, मांडी नव्हती. पण घेतले.

गोळ्यांचं विचारलं. म्हणाली, वेळेवर चालल्यात. पहिल्या दिवशी पाकिटं घेऊन ती गल्लीच्या टोकाच्या नर्सबाईंकडे गेली आणि पुन्हा एकदा नीट विचारून आली. ‘तुझं चित्र त्यांना फार आवडलं. म्हणाल्या, ही होडी छान काढलीय.’

होडी!

निघताना म्हणाली, ‘बाबांचा निरोप आहे. कचेरीला सांग, म्हणाले, टाळं लावलंय ते राहू दे चार दिवस.’ घरात मला कचेरी म्हणतात. कोणाचाही कागद आला, फोन आला, की बाबा हाक मारतात, ‘कचेरी उघडली का गं?’ बाबा रंगारी आहेत, दिवसभर शिडीवर असतात, तिथूनच ओरडायची सवय. मी लहान होते तेव्हा या नावाचा केवढा अभिमान वाटायचा. आताही वाटतो. पण कधीकधी हाक आली की छातीत धस्स होतं. हे मी आजवर कुठेच लिहिलं नव्हतं.

बंदराचं आईला सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं. फाटकाच्या गजांतून तिने माझे केस मागे सारले आणि म्हणाली, ‘डोळे बरे दिसतायत.’ मग बसच्या दिशेने गेली. मागे वळून पाहिलं नाही. कोपऱ्यावर कोणाला तरी काहीतरी विचारत होती.

शनिवार, १० ऑक्टोबर

आज सकाळी सिस्टरांना म्हटलं, मला बंदराबद्दल देवाची खूण हवी आहे.

‘कसली?’

‘कसलीही. स्पष्ट असावी.’

‘तुला ती जागा हवी आहे का, हे त्याला सांगितलंस का आधी?’

‘त्याला सगळं माहीतच असतं.’

‘त्याला असतं गं. तुला आहे का?’

मग म्हणाल्या, कोणासाठी मागायचं नाही हा नियम आज एका माणसापुरता उठवला. कोण ते तुझं तू ओळख.

चॅपलमध्ये गेले. कोणी नव्हतं. बाक थंड होता. सवयीने ‘बाबा’ म्हणून सुरुवात झाली आणि मी थांबले. ते आता नऊ जणींकडे आहेत. मला माझ्यासाठी मागायला शब्दच नव्हते. परीक्षेला कोरा पेपर दिल्यासारखं वाटत होतं, पण गंमत म्हणजे भीती नव्हती.

मग म्हटलं. मोठ्याने म्हटलं, मौन मोडून:

‘प्रभू, मला ती जागा हवी आहे.’

आणि सगळं भडाभडा आलं. की मला स्वतःच्या हाताने कपाटं लावायची आहेत. की मला तिथल्या लोकांना गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावून सांगायचं आहे, घाई न करता. की मला एक खोली हवी आहे आणि तिची किल्ली. की मला भीती वाटते, घर माझ्यावाचून चालणार नाही याची. आणि त्याहून जास्त, चालेल याची.

हे शेवटचं मला माहीत नव्हतं. तोंडातून निघाल्यावर कळलं.

काही झालं नाही. कुठे उजेडबिजेड पडला नाही. बाहेर कोणीतरी अंगण झाडत होतं. पण छातीवरून काहीतरी उतरलं. इतकं हलकं वाटलं की उठताना बाकाला धरावं लागलं. त्याने ऐकलं. मला खात्री आहे. पेला भरल्यासारखं.

सिस्टरांना कबूल केलं की मौन मोडलं. म्हणाल्या, ‘त्याच्याशी बोलायला मौन असतं, बयो. त्याच्याशीच बोलताना कसलं मोडतंय?’

रात्रीच्या जेवणात मला पुन्हा द्यायची मुभा मिळाली. मीठ मी पुढे केलं नाही. मीठकाका थोडे थांबले, माझ्याकडे बघितलं, मिशी हलली. तेव्हा केलं.

पण आईला सांगणं अजून बाकी आहे. ते देवाला सांगण्याहून अवघड!

रविवार, ११ ऑक्टोबर

घरी आले. आई कपड्यांच्या घड्या घालत होती, बाबा दाराशी बसून ब्रश धूत होते. पिशवीही खाली न ठेवता सांगून टाकलं. बंदर, फार्मसी, एकटी राहणं, सगळं. बाबांचा हात पाण्यात थांबला. त्यांनी आईकडे बघितलं.

आईने हातातली घडी पुरी केली. मग म्हणाली, ‘खिडकीजवळची खाट मग मी घेणार. किती वर्षं झाली, मला तिथे झोपायचंय.’

उद्या, सोमवार, १२ ऑक्टोबर. फार्मसीची खिडकी उघडायच्या आत मोठ्या बाईंना हो सांगायचं.